'स्टेअर डाउन'चा निकाल कोण लावतं?

इंग्रजी एजन्सीच्या बातमीत 'स्टेअर डाउन' आलं की मी आधी बातमीचा शेवट वाचते. निकाल काय लागला ते बघते आणि मगच त्या वाक्याला हात घालते. क्रीडा डेस्कवर रात्रपाळ्या करून लागलेली ही खोड आहे, पण ती बिनकामाची नाही. नुसतं 'स्टेअर' म्हणजे टक लावून बघणं. ते कुणीही, कशाकडेही, हवा तितका वेळ करू शकतं. भिंतीकडे, छताकडे, ऐनवेळी गोठलेल्या स्क्रीनकडे. त्याला 'डाउन' चिकटलं की मात्र समोर दुसरं कुणीतरी लागतं, त्याचेही डोळे तुमच्यावर लागलेले असावे लागतात, आणि शेवटी दोघांपैकी एकानं नजर काढून घ्यावी लागते. तोवर 'स्टेअर डाउन' झालेलंच नसतं. 'ही स्टेअर्ड हिम डाउन' या चार शब्दांत झुंजही आहे आणि निकालही.

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलानं मुष्टियुद्धाच्या बातमीत लिहिलं होतं, 'वजनाच्या वेळी त्याने प्रतिस्पर्ध्याकडे खाली टक लावून पाहिले.' सोबतच्या फोटोत प्रतिस्पर्धी त्याच्याहून चांगला वीतभर उंच. मी म्हटलं, "अरे, हा खाली बघतोय, तर दुसरा कुठे उभाय? खड्ड्यात?" तो म्हणाला, "मॅडम, डाउन म्हणजे खालीच ना?" बिचाऱ्याचं फार चुकलं असंही नाही. या 'डाउन'चा संबंध दिशेशी नाही, चीत होण्याशी आहे. आरडाओरडा करून एखाद्याला बोलूच न देणं म्हणजे 'शाउट डाउन', रोज थोडं थोडं छळून नमवणं म्हणजे 'वेअर डाउन', आणि आपणच माघार घेतली तर 'बॅक डाउन'. सगळीकडे शेवटी कुणीतरी खाली बसतं. 'स्टेअर डाउन' याच कुळातलं. हात न लावता, तोंड न उघडता, नुसत्या डोळ्यांनी समोरच्याला खाली बसवणं.

आता गंमत अशी की याच दोन शब्दांची दुसरी एक जोडी क्रिकेटच्या समालोचनात रोज ऐकू येते आणि तिचा या अर्थाशी काडीचा संबंध नाही. 'स्टेअरिंग डाउन द बॅरल.' पाच बाद चाळीस झालं की समालोचक हे म्हणणारच. इथला 'डाउन' मात्र खरोखर दिशेचाच आहे. बंदूक आपल्यावर रोखलेली आहे आणि आपण तिच्या नळीत आतवर बघतोय, म्हणजे आता वाचण्याची आशा नाही. एका जोडीत बघणारा जिंकतो, दुसरीत मरायला टेकलेला असतो. शब्द तेच, क्रमही तोच.

ओळखायचं कसं? मी त्या मुलाला सांगितलं, नाम काढ आणि तिथे 'हिम' किंवा 'इट' घालून बघ. नजरेनं नमवण्याच्या अर्थी सर्वनाम मधे येतं. 'स्टेअर्ड हिम डाउन' बरोबर, 'स्टेअर्ड डाउन हिम' कानाला लगेच टोचतं. नाम असेल तर मधेही चालतं, शेवटीही चालतं. बंदुकीच्या बाबतीत उलटं. 'डाउन' नळीपासून हलतच नाही. 'स्टेअरिंग द बॅरल डाउन' असं कुणी लिहिलं तर अर्थ होईल की फलंदाजानं बंदुकीच्या नळीलाच लाजवून नजर वळवायला लावली. तसं करणारा फलंदाज माझ्या तरी पाहण्यात नाही.

व्याकरण इथे संपलं. माझं खरं दुखणं पुढे आहे.

'स्टेअर डाउन' घडलं की नाही, हे ठरवतं कोण? मैदानावरचे दोघे नाही ठरवत. जो नंतर लिहितो तो ठरवतो. आणि तो लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर धावफलक असतो.

एप्रिल १९९५, पोर्ट ऑफ स्पेन. वेस्ट इंडीज विरुद्ध ऑस्ट्रेलिया, मालिकेतली तिसरी कसोटी. हिरवीगार खेळपट्टी आणि समोर वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज कर्टली अँब्रोज, सहा फूट सात इंच. एक उसळता चेंडू टाकून अँब्रोज चालत चालत पार पुढे आला आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉकडे रोखून बघत उभा राहिला. अशा वेळी फलंदाज बहुतेक वेळा खेळपट्टी ठोकायला लागतो, ग्लोव्हजची पट्टी सोडून परत लावतो. डोळे वळवायला काहीतरी निमित्त हवं असतं, आणि बॅट त्यासाठी फार सोयीची वस्तू आहे. वॉनं यातलं काहीच केलं नाही. तोही बघत राहिला, वर छापता न येणारे शब्द तोंडातून काढले. अँब्रोज आणखी चिडला. शेवटी कर्णधार रिची रिचर्ड्सन धावत आला आणि त्यानं अँब्रोजला हाताला धरून अक्षरशः ओढत मागे नेलं. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. हाडकुळा, उंचच उंच गोलंदाज वाकून बघतोय आणि ठेंगणा दिसणारा फलंदाज मान वर करून त्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा आहे.

आता सांगा, कुणी कुणाला 'स्टेअर डाउन' केलं? नजर कुणीच वळवली नाही. अँब्रोजला ओढून नेलं, म्हणजे नियमाप्रमाणे झुंज अर्धवट सुटली, निकाल नाही. त्या डावात ऑस्ट्रेलिया १२८ धावांत आटोपली, वॉ ६३ धावांवर नाबाद राहिला. कसोटी वेस्ट इंडीजनं नऊ गडी राखून जिंकली. त्या रात्री बातमी लिहिणाऱ्यानं 'अँब्रोजची नजर ऑस्ट्रेलियाला भारी पडली' असं लिहिलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. पण पुढची कसोटी किंग्स्टनला झाली. वॉनं २०० केल्या, ऑस्ट्रेलियानं डावानं विजय मिळवला आणि मालिका २-१ अशी खिशात घातली. १९८० नंतर वेस्ट इंडीज पहिल्यांदाच कसोटी मालिका हरलं होतं. झालं. तेव्हापासून त्या प्रसंगाचा अर्थ पक्का झाला. वॉनं अँब्रोजला नजरेनं नमवलं, आणि तिथून एका साम्राज्याची घसरण सुरू झाली. मलाही ही गोष्ट आवडते, खोटं कशाला बोलू. पण किंग्स्टनला वॉ शून्यावर बाद झाला असता तर हाच फोटो 'उद्धटपणाची शिक्षा' म्हणून छापला गेला असता. डोळे तेच राहिले असते, क्रियापद बदललं असतं.

क्रीडा पानावर हे खपून जातं, कारण तिथे निदान धावफलक सगळ्यांना दिसतो. राजकारणात तोही दिसत नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात पोचली होती आणि अमेरिकेच्या आरमारानं क्युबाला वेढा घातला होता. २४ तारखेला सोव्हिएत जहाजं थांबल्याची, काही मागे फिरल्याची बातमी आली, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क जे बोलले ते इंग्रजीत म्हणीसारखं होऊन बसलं आहे: आपण बुबुळाला बुबुळ लावून उभे होतो आणि मला वाटतं समोरच्यानं आत्ताच पापणी लववली. इतकं नेमकं चित्र की पुढे कित्येक वर्षं लोकांनी त्या संकटाकडे त्याच चित्रातून पाहिलं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला 'स्टेअर डाउन' केलं, बस्स.

प्रत्यक्षात त्या सकाळी जहाजं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यातही नव्हती. क्षेपणास्त्रं घेऊन येणाऱ्या जहाजांना माघारीचा आदेश आधीच गेला होता आणि ती वेढ्याच्या रेषेपासून शेकडो मैल लांब होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २८ ऑक्टोबरला संकट मिटलं त्यात एक गुपचूप कबुली होती. तुर्कस्तानात बसवलेली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं अमेरिका काढून घेणार होती. १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती काढलीही. ही अट लोकांना सांगायची नाही, असं दोन्हीकडून ठरलं होतं आणि बरीच वर्षं ती दडलेली राहिली. म्हणजे पापणी दोघांनीही लववली होती. एकाची सगळ्यांना दाखवली, दुसऱ्याची झाकून ठेवली. 'स्टेअर डाउन' लिहिणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, ते इथे कळतं.

(पापणीचा विषय निघालाच आहे तर: माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. तेव्हा 'एकटक' वगैरे आपण म्हणतो त्यात बरीच सूट दिलेली असते. आणि 'स्टेअर' या शब्दाचं मूळ जर्मानिक भाषांमध्ये 'ताठ, घट्ट' या अर्थाच्या धातूत आहे. जर्मनमध्ये 'श्टार' म्हणजे आजही ताठर. डोळे ताठ होईपर्यंत बघणं, हा मूळ भाव.)

आता तुम्ही म्हणाल, बाई, सगळंच लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फोडू नका, नजरेत स्वतःचा म्हणून काही जोर असतो की नाही? असतो. चांगलाच असतो. १९७२ साली फीबी एल्सवर्थ आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाल सिग्नलला गाडी थांबली की शेजारी स्कूटरवर किंवा कोपऱ्यावर उभा असलेला त्यांचा माणूस चालकाकडे नुसता टक लावून बघायचा. ना हसू, ना राग. सिग्नल हिरवा झाला की असे रोखून पाहिलेले चालक बाकीच्यांपेक्षा लवकर चौक ओलांडून जायचे. पायी जाणाऱ्यांचंही तेच. संशोधकांचं म्हणणं मला फार पटतं: टक लावून बघणारा आपल्याकडून काहीतरी उत्तर मागत असतो आणि काय उत्तर द्यायचं तेच आपल्याला कळत नाही. नमस्कार करायचा? 'काय हवंय' विचारायचं? काहीच धड नसतं. मग माणूस सटकतो.

समोरच्या बाकावरून कुणी असं एकसारखं बघत बसलं की काय होतं, ते बायकांना वेगळं सांगायला नको. 'उलट बघ, स्टेअर हिम डाउन' हा सल्ला मला इंग्रजीतून आणि मराठीतून, मैत्रिणींकडून आणि मासिकांतून, सगळीकडून मिळालेला आहे. कधी लागू पडतो. कधी समोरचा त्यालाच आमंत्रण समजतो. सल्ला देणारे निकाल गृहीत धरून बोलतात, हीच त्यातली मेख. ते क्रियापदच असं आहे की त्यात हरण्याची शक्यता उरत नाही. 'आय ट्राइड टु स्टेअर हिम डाउन' असं म्हणायची वेळ येते तेव्हा कुठे कळतं की प्रयत्न आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माकडं, गोरिला, कुत्रे यांच्या जगात तर रोखून बघणं ही सरळ धमकीच. २००७ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातून बोकितो नावाचा गोरिला कुंपण ओलांडून बाहेर आला आणि त्यानं एका महिलेला जबर जखमी केलं. ती नेहमी त्याला बघायला यायची, त्याच्या डोळ्यात बघून हसायची. त्यानंतर तिथे एका विमा कंपनीनं पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. त्यांवर डोळे छापलेले, पण बुबुळं एका कोपऱ्याला वळलेली. म्हणजे तुम्ही खुशाल गोरिलाकडे बघा, गोरिलाला वाटणार तुम्ही भलतीकडेच बघताय. इतकी धूर्त वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

समुद्रपक्ष्यांवर मात्र नजर चालते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचे हेरिंग गल हातातले चिप्स पळवण्याबद्दल बदनाम आहेत. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत असेल तर ते खाण्याजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेतात. बोट्स्वानात तर गाईंच्या पुठ्ठ्यावर डोळे रंगवले. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही सिंहाच्या किंवा बिबट्याच्या तोंडी गेलं नाही, काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. सिंह दबा धरून येतो. आपल्याला पाहिलंय असं वाटलं की त्याचा डाव फसतो. दोन्ही बातम्यांवर मथळा काय द्यायचा याचा मी विचार केला आहे. गलच्या बाबतीत 'स्टेअर डाउन' चालेल, तिथे दोघे समोरासमोर आहेत. गाईच्या बाबतीत नाही. ती तर चरत असते, तिला पत्ताही नसतो. झुंजीत एक बाजू बेखबर असेल तर ते 'स्टेअर डाउन' कसलं?

एवढं काटेकोर कुणी नसतं, हेही मला माहीत आहे. अमेरिकन बोलण्यात 'ही वॉज स्टेअरिंग मी डाउन' हे आता सर्रास 'तो माझ्याकडे सारखा रोखून बघत होता' एवढ्याच अर्थी येतं. नजर कुणी वळवली, वळवली की नाही, याची वाच्यताच नसते. चालू काळात क्रियापद आलं की निकाल बहुतेक गळालेला असतो, असं समजायला हरकत नाही. ब्रिटिश माणूस याच कामासाठी 'स्टेअर आउट' म्हणतो, आणि तिथे खिडकीशी गफलत होते. 'स्टेअर आउट ऑफ द विंडो' म्हणजे खिडकीतून बाहेर बघत बसणं, त्यात कुणी कुणाला हरवत नाही. मुष्टियुद्धात आणि एमएमएत (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढतीच्या आदल्या दिवशी दोघांना नाकाला नाक लावून उभं करतात, त्या तमाशाचं नाव 'स्टेअरडाउन', एकच शब्द, नाम. तिथे निकाल लागतच नाही. कॅमेरे चमकतात, मधला माणूस दोघांना बाजूला करतो, तिकिटं खपतात.

माझा राग आहे तो अर्थव्यवस्थेच्या बातम्यांवर. कंपनी मंदीला 'स्टेअर डाउन' करते, मंत्री महागाईला करतात, कुणी मृत्यूला, कुणी डेडलाइनला. मंदीला डोळे असतात का? मृत्यूचं एक वेळ चालवून घेते, त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघण्याची कल्पना जुनी आहे, भाषेत मुरलेली आहे. पण महागाईनं मान खाली घातली म्हणजे नक्की काय झालं, ते त्या वाक्यावरून कुणी मला सांगावं. तिथे आकडा हवा असतो आणि लिहिणाऱ्यानं रुबाब पुरवलेला असतो. असं वाक्य आलं की मी सरळ कापते. आजवर एकाही वाचकानं तक्रार केलेली नाही.

मराठीत उतरवताना मी बहुतेक वेळा कर्ताच बदलते. 'नजरेला नजर भिडवली' म्हटलं तर झुंज सुरू होते, संपत नाही. 'डोळे वटारले' यात बघणारा आधीच वरचढ आहे, मोठ्या माणसानं पोरावर वटारावेत तसे. 'नजर खाली घालायला लावली' यात निकाल आहे, पण सोबत लाजही येते, आणि हरलेल्यानं लाजण्यासारखं काही केलेलं नसतं. म्हणून मग 'त्याच्या नजरेपुढे तो टिकला नाही'. यात हरणारा वाक्यात पुढे येतो, आणि लिहिताना मला स्वतःला विचारावं लागतं, खरंच टिकला नाही का? फोटोत काय दिसतंय?

त्या मुलाला शेवटी मी न्यूयॉर्कच्या पुतळ्यांचं उदाहरण दिलं. शेअर बाजाराजवळ आर्तुरो दी मोदिका या शिल्पकारानं १९८९ मध्ये उधळलेल्या बैलाचा ब्राँझचा पुतळा आणून ठेवला होता. मार्च २०१७ मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, एका वित्तीय कंपनीनं त्याच्यासमोर एका छोट्या मुलीचा पुतळा उभा केला. कमरेवर हात, हनुवटी वर, नजर थेट बैलावर. इंग्रजी वर्तमानपत्रांना दुसरं क्रियापद सुचलंच नाही. ती बैलाला 'स्टेअरिंग डाउन' करते आहे, असं जो तो लिहीत सुटला. दी मोदिका मात्र संतापला. माझा बैल भरभराटीचं प्रतीक होता, या मुलीमुळे तो खलनायक झाला, असं त्याचं म्हणणं. २०१८ च्या अखेरीस पुतळा हलवला गेला.

"बैलाचा?" मुलानं विचारलं.

"मुलीचा. आता ती शेअर बाजाराच्या इमारतीसमोर उभी आहे. बैल आहे तिथेच आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मथळ्यात काय लिहायचं?" मी म्हटलं, पुतळा हलवला, एवढं लिही. पान सोडायला दहा मिनिटं उरलीत.